‘सोड’ म्हणायचं राहिलं

खोटं सांगून मला काय मिळणार? हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पटलं नाही तर तुमची मर्जी.

आणि हे रात्री-बित्री नाही, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी घडलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या लॅबमध्ये.

तिला आम्ही चिमणी म्हणतो. ती ग्राफीनवर संशोधन करायची. ग्राफीन म्हणजे कार्बनचा पापुद्रा, एका अणूइतका पातळ. त्याला आयनांच्या झोताने बारीक छिद्रं पाडायची. मी शिवणकाम करते, म्हणून तिला चिडवायचे, "एवढं शिकून शेवटी सुईच चालवतेस की."

त्या दिवशी चिडवायची सोय नव्हती. छिद्रं पाडायचं मशीन दुसऱ्या दिवशी लॅबमधून कायमचं हलवणार होते आणि चिमणीकडे एकच पापुद्रा उरला होता. तो वाया गेला असता तर डिग्रीवर पाणीच सोडायचं. सुट्टीला लॅबमध्ये एकट्याने थांबायचं नाही असा नियम, म्हणून तिने मला सोबत नेलं.

"ताई, पापुद्रा ठेवताना मी श्वास रोखणार. फुंकरीनेसुद्धा फाटतो तो. नीट बसला की तू 'सोड' म्हण. तोवर मी श्वास घेणार नाही."

"हे कोणी शिकवलं?"

"दादाने."

दादा तिचा सीनियर. त्याला दमा होता. त्यातच मागच्या हिवाळ्यात गेला, काम अर्धवट टाकून. याच मशीनवरचं.

पापुद्रा बसला. मी "सोड" म्हटलं. तिने मशीनचं दार लावलं, पंपाने आतली हवा ओढून घेतली. दाबाचा काटा खाली आला.

मग तो हलला...

वर चढला. खाली आला. परत वर.

संथपणे.

"कुठून तरी हवा शिरत असेल," मी म्हटलं.

"मग काटा चढतच गेला असता, ताई. खाली आला नसता."

काटा चढला की झोत आपोआप बंद पडायचा. तिने नळ्या तपासल्या, बटणं दाबून पाहिली.

तेवढ्यात ऐकू आलं...

आतून.

छातीतली घरघर.

मी दाराकडे सरकले. चिमणीने मात्र ती घरघर ओळखली. काचेला कपाळ टेकवून ती रडायला लागली. "दादा, माझ्याकडे दुसरा पापुद्रा नाहीये रे. थोडा वेळ श्वास रोख. पाया पडते तुझ्या."

घरघर थांबली...

पंप चालू होता, तरी त्याचाही आवाज येईना.

काटा जागचा हलला नाही. झोत सुरू झाला आणि पडद्यावर छिद्रं उमटली, सगळी सारखी. चिमणीने मला घट्ट मिठी मारली. मशीनमध्ये हवा सोडून तिने पापुद्रा काढला, डबीत ठेवला आणि आम्ही निघालो.

जिन्यात ती थबकली.

"ताई... मी त्याला 'सोड' म्हटलंच नाही."

आम्ही धावत परत गेलो. उघड्या मशीनमध्ये तोंड घालून ती "सोड, दादा, सोड" म्हणत राहिली. आवाज बसेपर्यंत.

काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन गेलं.

चिमणीला डिग्री मिळाली. पण तेव्हापासून झोपेत तिचा श्वास थांबतो. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा निळा. डॉक्टरांना काही सापडत नाही. मी कानाशी जाऊन "सोड" म्हणते, तेव्हा कुठे तिची छाती हलते.

मी उशाशी बसून असते. जागी.

आता तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. तिथे ती एकटी राहणार आहे.

तिला 'सोड' कोण म्हणणार?