रुपाचे चौदा किलो

बूट घालून तो सरळ माझ्या मिरच्यांवर आला. रनाळ्याच्या आमच्या खळ्यात जानेवारीच्या उन्हात लालभडक मिरची पसरलेली, आणि हा माणूस हातात फाइल घेऊन तिच्यावरून चालत येतोय!

“ओ भाऊ! बूट काढा! लोकं खातस ती मिरची!”

तो दचकला, एक पाय वर धरून उभा राहिला आणि शिंकला. सात वेळा. मी मोजल्या. डोळ्यांत पाणी, नाक लाल, एका हातात बूट, दुसऱ्यात फाइल... एरवी मला हसू आलं असतं. पण देठं तोडून माझे हात भाजत होते आणि मी सकाळपासूनच चिडलेली होते.

“मी योगेंद्र, लोणखेड्याचा. सीएंच्या ऑफिसमधून आलोय. तुमच्या कंपनीची फाइल आता माझ्याकडे आहे... साठा बघायचा होता.”

कंपनी म्हणजे आमचा तिखटाचा धंदा. संचालक दोन, मी आणि माझा भाऊ कुंदन. भांडवल माझ्या पगारातून साठवलेलं, नाव मात्र कंपनीला त्याचं. सहा दिवस मी नंदुरबारच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. संध्याकाळी ऑर्डरी, पाकिटं, लेबलं. रविवारी बायकांबरोबर देठं तोडायची. आणि कुंदन काय करतो? कुरिअरवाल्याला फोन करतो.

योगेंद्रने साठा पाहिला आणि उलट्या क्रेटवर बसून फाइल उघडली.

“कुंदन, महिन्याला पंधरा हजार. रुपा... कोरं. तुम्ही इथे काम नाही करत?”

मी माझी लाल बोटं त्याच्या नाकासमोर धरली. “हाई काय मेंदी शे?”

“मग पगार?”

“मले नोकरी शे.”

“ते मी इचारं नही.” तो एकदम अहिराणीवर आला. “नोकरीना पगार नोकरीना कामना. आठेना कामना कोठे शे? दवाखानानी परवानगी शे का?”

“लेखी शे.”

“मंग काय अडचण? दोन्ही पगार दाखाडाना, कर भराना.”

“तुमले काय करनं शे?” म्हणत मी उठलेच. खरं सांगू? दोन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्याचाच तर राग आला.

आमच्याकडे देठ तोडलेली मिरची तोलतात, आणि ज्या बाईचे जितके किलो, तितकी तिची मजुरी. तोलायचं काम कौसाबाईचं. ती नेमकी त्या दिवशी लग्नाला गेलेली, म्हणून हे महाशय काट्याशी बसले. मी माझं टोपलं ढिगावर ओतायला निघाले, तर त्याने ते हातातून घेतलं, तोललं आणि वहीत लिहिलं. रुपा, चौदा किलो.

“मी मालकीन शे!”

“काटाले ते म्हाईत नही.”

मी ते इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर. साठा महिन्यातून एकदा बघतात, हे मलाही कळतं.

“मिरची वाळस, वजन कमी व्हस,” तो गंभीरपणे म्हणाला. बूट या वेळी बांधावरच काढून ठेवले होते. पिशवीतून त्याने दह्याचा डबा काढला. “हात बुडवा. आग थांबते.”

“मी लॅबवाली शे. मले शिकाडू नका.”

आणि बुडवले. मनगटापर्यंत गार... मी डोळे मिटले. उघडले, तर तो माझ्याकडेच बघत होता.

“काय पाही ऱ्हायनात?”

“चौदा किलोना हात.”

त्या आठवड्यात रक्त काढताना तो मला तीनदा आठवला, आणि तिन्ही वेळा रागच आला. हा कोण लागून गेला माझे हात बघणारा? तरी शनिवारी मी ओढणी इस्त्री करून ठेवली. मिरचीत बसायला इस्त्रीची ओढणी! स्वतःचाही राग आला.

तो दर रविवारी येत राहिला आणि माझं टोपलंही तोलत राहिला. फेब्रुवारीच्या शेवटी कुंदनने जेवताना माझ्या ताटाशेजारी एक कागद सरकवला. त्याचा पगार पंधरावरून पंचवीस हजार. त्याला स्थळ आलं होतं, आकडा भारदस्त हवा होता. माझी सही बाकी होती. आणि अक्षर होतं योगेंद्रचं.

“आनि मन्हं?” मी विचारलं.

आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ताटावरून मानही वर केली नाही. “तुले पगार शे ना, बेटा. आनि तू काय, उद्या लगीन करी चालनी जाशी.”

मी भाकर तशीच टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, अंगात पांढरा कोट तसाच, मी त्याच्या ऑफिसात शिरले आणि कागद टेबलावर आपटला.

“तूच लिखेल शे ना हाई?” रागाच्या भरात ‘तुम्ही’ कुठे गळून पडलं, कळलंच नाही.

“हो. संचालकांनी सांगितलं, मी लिहिलं. पण मी दोन कागद दिले होते.” त्याने खणातून दुसऱ्याची प्रत काढली. रुपा, महिन्याला नऊ हजार. खाली प्रत्येक रविवारचे किलो, ऑर्डरींवरून काढलेले प्रत्येक संध्याकाळचे तास, आणि तासाचा दर कुंदनचाच. कुंदनने घरी एकच कागद आणला होता!

यादीत सगळ्यात वर ते पहिले चौदा किलो होते.

“हाई ते मी खोडेल व्हतं...”

“तू कागद खोडा. मिरची कशी खोडशी?”

माझे डोळे भरून आले. या वेळी मिरचीचं निमित्तही नव्हतं.

“आनखी एक,” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “एक तारीखपाईन तुन्ही फाइल मी सोडी दिधी. दुसरा पाही.”

“मन्ही फाइल? मले न इचारता? काब्र?”

“फाइल मन्हा हातमा ऱ्हायनी आनि मी तुले काही इचारं, ते लोके म्हनतीन, याले कंपनी पाहिजे व्हती.”

“काय इचारनं शे?”

“खळामा इचारसू.”

त्या संध्याकाळी मी दोन्ही कागद आबांसमोर ठेवले. कुंदनचा फाडला. “पंधरा शेत, पंधराच ऱ्हातीन. आनि मन्हा कागदवर सही नही, ते उद्यापाईन मी खळामा नही.”

“त्या अकाउंटवालानी कान भरात हिना!” कुंदन ओरडला.

आबा यादी वाचत होते. बोट एका ओळीवर थांबलं. “चौदा किलो? एक दिवसमा? सहा दिवस नोकरी करीसन?” पगार, संचालक, ठराव यातलं त्यांना फार कळत नव्हतं. पण देठ तोडलेली चौदा किलो मिरची म्हणजे काय, हे त्यांना चांगलंच कळत होतं. माझ्या हातांकडे ते बघत राहिले, मग कुंदनकडे पेन सरकवलं.

“सही कर.”

मार्च संपला आणि पहिला पगार माझ्या खात्यात आला. त्याच रविवारी योगेंद्र आला. फाइल नाही, बूट बांधावर. माझ्या शेजारी रांगेत बसला आणि संध्याकाळपर्यंत देठं तोडत, शिंकत राहिला. कौसाबाईला बाजूला सारून मी स्वतः त्याचं टोपलं तोललं.

“दोन किलो! यामा मन्हं पोट भरशी का?”

“तुन्हं पोट तू भरस, मन्हं मी. मी बाकीनं इचारी ऱ्हायनू.”

“बाकीनं म्हंजे?”

“लगीन... करशी मन्हासंगे?” तो म्हणाला, आणि शिंकला.

मी घरून आणलेला दह्याचा डबा त्याच्यापुढे सरकवला. त्याने हात बुडवला. मीही बुडवला, त्याच डब्यात. मग दुसऱ्या हाताने वहीत लिहिलं, योगेंद्र, दोन किलो, आणि त्याची मजुरी मोजून त्याच्यासमोर ठेवली.

“आनि उत्तर?” त्याने हळूच विचारलं.

मला इतका राग आला! एवढंही कळू नये?

“आबाले इचाराले घर येशी ना,” मी म्हणाले, “तव्हय बूट बाहेर काढजो.”