विंचमधलं मुशीचं तेल

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, म्हणून चिंचपोकळीचं वर्कशॉप बंद. पायरीवर एक तरुण वर्तमानपत्र वाचत बसला होता. मालनने त्याला विचारलं, फिटर कुठे भेटेल?

"भेटला की," तो म्हणाला आणि त्याने पेपरची घडी घातली.

त्याचं नाव गंगाधर. मालनने चालता चालता अडचण सांगितली. तिचे वडील राजाराम कोळी. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा निखळला. तेव्हापासून होडीचं शीड चढायचं ते विंचवर, म्हणजे भंगारातून आणलेल्या, दोर गुंडाळून ओढणाऱ्या पितळी यंत्रावर. तीच अडकली होती. परवा नारळी पौर्णिमा. विंच फिरली नाही, तर होडी काकाच्या हाती जाणार आणि बाबा किनाऱ्यावर बसणार.

ट्राम बंद होत्या. रे रोडपलीकडच्या धक्क्यापर्यंत दोघं पायीच गेले. तुम्ही फार जोरात चालता, असं मालन दोनदा म्हणाली. तो दोन्ही वेळा हळू झाला... आणि पुन्हा विसरला.

होडीत त्याने तिला विंचभोवती फडकं धरायला सांगितलं. आतल्या स्प्रिंगा उडाल्या तर थेट समुद्रात. वरची कडी निघाली. गरम पाणी, लाकडी हातोडीचे हलके ठोके, आणि पितळी ढोल अलगद वर आला.

मालन आणखी पुढे वाकली. आत दात्यांची चाकं, बारीक रूळ, बोटाच्या पेराएवढे चार खटके — एवढ्याशा वस्तू एवढं मोठं शीड पेलत होत्या! पण सगळं तपकिरी डिंकात बुडालेलं.

गंगाधरने वास घेतला. "हे काय?"

"मुशी माशाचं तेल. होडीला लावतो ते."

"लाकडाला ठीक आहे. इथे सुकून गोंद झालाय. कुणी घातलं?"

"...मी. दर आठवड्याला. प्रेमाने."

तो हसला नाही; फार प्रयत्नाने.

रॉकेलने एकेक भाग धुतला. चाकांना ग्रीस, खटक्यांना मात्र शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. एक स्प्रिंग उडाली. मालनने ती फडक्यात झेलली. तो स्प्रिंगेकडे कमी आणि तिच्या हातांकडे जास्त वेळ पाहत राहिला.

मग विंच पुन्हा जोडली, आणि धक्क्यावर वाट पाहणाऱ्या राजारामांनी होडीत उतरून डाव्या हाताने दांडा फिरवला. टिक्, टिक्, टिक्... शीड चढत गेलं, थेट डोलकाठीच्या टोकापर्यंत. राजारामांनी टोपी काढून हातात घेतली.

त्यांनी विचारलं, कुठला तू?

"नायगावच्या बीडीडी चाळीतला. गेल्या वर्षी आम्ही नागपूरला दीक्षा घेतली."

राजाराम वरच पाहत होते. "मालने, चहाचे कप तीन काढ."

निघताना मालनने विचारलं, विंच पुन्हा कधी उघडायची?

"वर्षातून एकदा पुरे." तो धक्क्यावर चढला, थांबला. "पण मी... दर महिन्याला येईन."

"महिना फार होतो," मालन म्हणाली.