झेंडूखालची पेटी

दसऱ्याच्या सकाळी डॉक्टर धर्मेंद्रने दिनेशच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. काल दवाखान्यात याच्याच उपचाराखाली मेलेल्या भिला नावाच्या रुग्णाची बायको, धडगावकडची गजराबाई, पायरीवर बसून होती आणि हा माणूस नंदुरबारभर सोनं वाटायला निघाला होता. दिनेशला शिसारी आली.

"ताई, संध्याकायले पोलीस मले लई जातीन," नर्स चेतना दिनेशच्या वरिष्ठ, गुप्तहेर मोहिनीताईंना म्हणाली. "काल सकायले कंप्युटरवर दहा मिली व्हतं. मी तेवढंच इंजेक्शन दिधं. आते तठे एक शे!"

"खोटं!" जिलबी चघळत धर्मेंद्र म्हणाला. "औषधाचं पान बदलायला माझाच अंगठा लागतो. हवं तर धुळ्याची नक्कल पाहा. इथलं सगळं आपोआप तिकडच्या यंत्रात जातं."

"काल खंडेनवमीच्या पूजेला होतात?" मोहिनीताईंनी विचारलं.

"छे! असले चाळे मला आवडत नाहीत."

यंत्रांच्या खोलीत दवाखान्याच्या सगळ्या नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या कपाटाचे दिवे लुकलुकत होते. शेजारी धुळ्याला माहिती धाडणारी पेटी मात्र झेंडूखाली अंधारात होती. यंत्रं सांभाळणाऱ्या नवनीतने हार उचलून बटणाकडे बोट नेलं.

"हात लावू नकोस!" मोहिनीताई ओरडल्या. "कधी बंद केलीस?"

"काल दुपारले, पूजाना टाइमले. यंत्रले आराम देवाना, असं दवाखानाना मालक सांगतस."

भिला गेला होता संध्याकाळी. मोहिनीताईंनी धुळ्याला फोन लावला आणि सगळ्यांना आत बोलावलं.

"म्हणजे कपाटही बंद होतं?" दिनेशने विचारलं.

"नाही रे. कपाट पेटीची वाट पाहत नाही, आपलं काम करत राहतं. नक्कल मागून जाते. पेटी सुरू झाली असती, तर साचलेले बदल जाऊन धुळ्याचं जुनं पुसलं गेलं असतं. धुळ्यात अजून काल दुपारचंच पान आहे."

"दहा मिली," फोनमधून आवाज आला.

"पूजेनंतर, पानावरच्या वेळेप्रमाणे दुपारी चारला, इथे दहाचं एक झालं, आणि ते पान एकाच अंगठ्याने बदलतं. डॉक्टर, पूजेला आला असतात, तर पेटी बंद असल्याचं कळलं असतं आणि धुळ्याचं नाव काढलं नसतंत."

धर्मेंद्रने तोंड पुसलं. "डोंगरातून उशिराच आणतात हे लोक. तसाही कुठे जगणार होता?"

किती नीच असावं माणसाने! दिनेशने पान त्याच्या टेबलावर फेकलं आणि हात धुतले, दोनदा.

चेतनाने गजराबाईला तिच्या बोलीत सगळं समजावलं. ती काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" दिनेशने विचारलं.

"ती इचारस," चेतना म्हणाली, "दुपारले तो पान बदली ऱ्हायंता, तवय भिला जित्ताच व्हता ना?"

मोहिनीताईंनी मान हलवली. होय.