वारा सुटला की तापणारं आकाश

"नापास!" दुर्बिणीसाठी जागा शोधत आलेल्या बिस्वाल सरांनी संगणक मिटला. "या डोंगरावरचं आकाश फार चमकतं. परवा यंत्र दुसऱ्या खोऱ्यात नेऊ."

कुन्झेसला काहीच वाटलं नाही. इथे मोठी दुर्बीण झाली नाही, तर आबालेंची, म्हणजे तिच्या वडिलांची, यंत्राच्या राखणीची नोकरी जाणार होती. मग शेळ्या विकून सगळ्यांनी लेहला जायचं ठरलं होतं. ते ऐकलं त्या दिवसापासून तिचं मन गारठलेल्या बोटांसारखं बधिर झालं होतं.

"चमकतं? इथे तर एक दिवासुद्धा नाही!" तिचा धाकटा भाऊ ओत्सल म्हणाला.

"अरे, हे यंत्र उबेचा उजेड मोजतं. तो डोळ्यांना दिसत नाही."

"मग वारा सुटल्यावरच आकडा का चढतो?" मैत्रीण यांगदोलने विचारलं. "आमच्या वाऱ्याने तर नाक गळून पडतं!"

"तुम्हाला नाही कळायचं. आणि वर यंत्राकडे फिरकायचं नाही!" सर शेगडीजवळ सरकले. ते स्वतः आल्या दिवशी एकदाच वर गेले होते.

"छे, फिरकतोय कशाला?" यांगदोलने साळसूदपणे थर्मास उचलला. "आबालेंना चहा देऊन येतो फक्त!"

ओत्सल आकड्यांवर नजर ठेवायला खाली थांबला. मुली वर पोहोचल्या तेव्हा दिवस मावळला होता. तेवढ्यात वारा सुटला. यंत्राला बांधलेला खतक, मानाचा पांढरा रेशमी शेला, फडफडला आणि नेमका त्याच्या काचेवर चिकटला!

"यानेच आकडा चढतो!" कुन्झेस म्हणाली.

"पण हा तर बर्फासारखा गार आहे!" यांगदोल म्हणाली.

"आकाश त्याहून गार आहे! यंत्र आकाशाऐवजी खतकच बघतंय!"

गाठ आबालेंची होती. आपला डोंगर निवडला जावा म्हणून त्यांनीच तो घातला होता.

"सोडू नकोस, पोरी!" आबाले धावत आले. "दिलेला मान काढून घेतात का?"

"आबाले, मान गळ्यात घालतात, डोळ्यांवर नाही!"

बोटं चालेनात. कुन्झेसने दातांनी गाठ सोडली.

"उतरला! आकडा धाडकन उतरला!" ओत्सल खालून ओरडत आला. मागोमाग धापा टाकत सर.

"पुन्हा एकदा वर आलो असतो तर!" सर ओशाळले. "शाबास, पोरांनो! यंत्र इथेच राहील. सगळं पुन्हा मोजू."

"आणि शेळ्या?" ओत्सलने विचारलं.

"त्याही राहतील," आबाले म्हणाले आणि त्यांनी तो खतक कुन्झेसच्या गळ्यात घातला.

यांगदोलने तिच्या हातात गरम चहाचा पेला दिला. आधी बोटांत कळा आल्या, मग मनात. तिला रडू फुटलं.

"अचे, रडतेस काय? जिंकलो ना आपण!" ओत्सलने ताईला विचारलं.

"बोटं दुखतायत रे," ती म्हणाली आणि पोटभर रडली.