शेवटच्या लॉकला थांबा

घर विकलं, सोफा बहिणीला दिला, आणि एप्रिलातल्या एका सोमवारी सकाळी साडेनऊला आम्ही वुल्व्हरहॅम्प्टनहून निघालो. नेव्हिल मागे सुकाणूला, आणि मी बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, दोन्ही हात वर करून ओरडत. चौसष्टाव्या वर्षी! काठावर कुत्रं फिरवणारा एक गृहस्थ थांबून बघायलाच लागला.

"पहिलीच खेप का?" त्यानं विचारलं.

"पहिली आणि शेवटची! परत जायला घरच ठेवलं नाही!" मी म्हटलं आणि इतकी हसले की पाण्यात पडायचीच बाकी होते.

आमची बोट सत्तावन्न फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद. कालव्याकालव्यानं उत्तरेकडे जात सप्टेंबरपर्यंत स्किप्टन गाठायचं असा बेत होता. तिथे नेव्हिल जन्मला. नोव्हेंबरात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर तो दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी कालव्यांचा नकाशा त्याच्या उशाशी नेऊन ठेवला आणि तिसऱ्या दिवशी माणूस उठून बसला. डॉक्टरांनी अट एकच घातली, काही ढकलायचं नाही आणि उचलायचं नाही. म्हणजे सुकाणू त्याचं आणि लॉक माझी.

लॉक म्हणजे पाण्याच्या पायऱ्याच. उताराला लागलेली बोट वरच्या दारानं भरलेल्या दगडी हौदात घालायची, दार लावायचं, हँडल फिरवून झडपा उघडायच्या. पाणी उतरतं तशी बोट उतरते. मग खालचं दार उघडून ती बाहेर काढायची आणि दार पुन्हा लावायचं. दारं टनाटनाची, लांब लाकडी दांड्यानं ढकलायची. आणि माझा उजवा खांदा वर्षभरापासून कामातून गेलेला. हे नेव्हिलला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर त्यानं त्याच दिवशी बोट विकायला काढली असती आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं असतं.

बोट आम्हाला विकली ती मिस्टर ऑग्डन नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या गृहस्थांनी. किल्ल्या देताना त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"लॉकांची रांग संपली की शेवटच्या लॉकला थांबा."

"थांबणारच की," नेव्हिल म्हणाला. "खलाशीबाईंना घ्यायला नको? नाहीतर चहा कोण देईल मला?"

"थांबा, आणि चढणाऱ्याचं तोंड बघा. मग निघा."

म्हातारा एकटा राहून जरा भ्रमिष्ट झालाय बिचारा, असं आम्ही येताना गाडीत म्हणालो. त्यांच्या बायकोचे लाल लोकरी हातमोजे पुढच्या दाराआडच्या खुंटीवरच राहिले होते. मला ते टाकवेनात. माझा निळा रेनकोट मी त्यांच्यावरच अडकवला.

मंगळवारी व्हीटन ॲस्टनला एकच लॉक होतं. रिकामं होतं, म्हणजे आधी भरायचं, मग दार. दांड्याला पाठ लावून रेटलं आणि खांद्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. नेव्हिल बोट घेऊन मागे थांबला होता. दांड्याआड वाकून मी दोन मिनिटं रडून घेतलं आणि म्हटलं, "अरे, कोणीतरी हात लावा रे. शंभर लॉक आहेत अजून." मग नाक पुसलं आणि अंगठा वर करून दाखवला.

बुधवारी आम्ही वुडसीव्ह्जच्या खिंडीतून गेलो. दोन्हीकडे ओले काळे कातळ, त्यांच्यावर नेचे, आणि मध्ये एका बोटीपुरतं पाणी. समोरून बोट आली तर पंचाईत, म्हणून मी पुढे उभी राहून भोंगा वाजवत होते. एकही आली नाही. खिंड संपली आणि टर्लीचं पहिलं लॉक आलं. काठोकाठ भरलेलं, दार उघडं.

"अरे वा!" नेव्हिल ओरडला. "काय नशीब काढलंयस!"

दुसरंही भरलेलं आणि उघडं. तिसरंही. पाचही तशीच. समोरून चढून आलेल्या बोटीनं भरून ठेवली म्हणावं, तर ती खिंडीत भेटली असती. कोणी तासाभरापूर्वी भरून ठेवली असती, तर ही जुनी दारं इतकी गळतात की पाणी वीतभर तरी उतरलं असतं. हा हिशोब मी केला, पण नेव्हिलला सांगितला नाही. पाचव्या लॉकला मी दांड्याला टेकले. आभाळ गच्च होतं, लाकूड गारठलेलं. फक्त पाठ टेकते तेवढा पट्टा ऊबदार होता.

"थँक्यू हं," मी हळूच म्हटलं. खरंच सांगते, भीती वाटलीच नाही. नाचावंसं वाटलं.

गुरुवारी ॲडर्लीची पाच लॉक. तीही तयार. तिथल्या शेताच्या फाटकात एक बाई टेबल मांडून अंडी आणि केक विकत बसली होती.

"तुमची पुढे गेलेली बाई काय झपाट्याची आहे हो!" ती म्हणाली. "मी केक घ्या म्हटलं तर मान वर करायला तयार नाही."

"कोण बाई?"

"लाल हातमोजेवाली. तुमच्यातली नाही का?"

सकाळीच मी खुंटीवरून रेनकोट काढला होता, तेव्हा ते हातमोजे ओले होते. पाऊस तर आठवड्यात पडला नव्हता. मी मागे वळून पाहिलं. नेव्हिल सुकाणूला उभा राहून गात होता, बेसूर, गाल लाल झालेले. नोव्हेंबरनंतर त्याला गाताना मी ऐकलं नव्हतं.

"आमचीच आहे," मी म्हटलं. "जरा लाजते."

शुक्रवारी ऑडलेम. पंधरा लॉक एकामागे एक! याचा मी धसका घेतला होता, आणि मी तर शीळ घालत उतरले. प्रत्येक लॉक तयार. खालची दारं तेवढी उरायची, तीही आता अर्धी हलकी लागत होती. दुपारी भुरभुर सुरू झाली. रेनकोट बोटीत राहिला होता, पण कोणाला पर्वा!

"खलाशीबाई, भिजताय!" नेव्हिल ओरडला.

"भिजू दे, कप्तानसाहेब! तुम्ही नीट चालवा, मघाशी भिंत खरवडलीत!"

आमची पद्धत अशी ठरली होती. शेवटच्या लॉकबाहेर तो बोटीचं पुढचं टोक काठाला लावायचा. मी दार लावून पुढून चढायचे, छतावर दोनदा ठोकायचे आणि किटली ठेवायला आत जायचे. तो पार मागे. चेहरा बघायचा प्रश्नच नव्हता.

पंधराव्या लॉकचं दार मी दोन्ही हातांनी दांडा रेटत लावलं, बोटीकडे पाठ करून. खांदा ठणकत होता, पण मनात म्हणत होते, पंधरा झाली, पंधरा!

मागे छतावर ठोकल्याचा आवाज आला. दोनदा.

वळून पाहिलं तर बोट काठापासून सुटली होती.

"नेव्हिल! अरे, मी इथे आहे!"

इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसेल. मला हसूच आलं. ही बोट चालते माणसाच्या चालीनं. मी पळत जाऊन तिला गाठलं, त्याच्या बरोबरीनं चालू लागले, चार हातांवर. हात हलवले. त्याची नजर माझ्यावरून गेली, काठच्या विलोच्या झाडावरून जाते तशी.

मागचं दार आतून किलकिलं झालं. चहाचा मग बाहेर आला. मग धरणारे हात लाल हातमोज्यांतले होते.

"थंडी वाजतेय होय तुला?" नेव्हिल प्रेमानं म्हणाला. त्याचे डोळे पुढच्या पुलावर होते. "चहा फक्कड झालाय गं."

मी ओरडले. किती ओरडले. मग सुचलं. दीड मैलावर हॅक ग्रीनची दोन लॉक आहेत. तिथे त्याला थांबावंच लागेल.

मी धावत सुटले. पहिलं लॉक रिकामं होतं. कमरेला खोचलेलं झडपांचं हँडल काढून झडपा उचलल्या, भरलं, दार उघडलं. दुसरंही केलं. खांदा अजिबात दुखला नाही.

बोट आली.

"बघ गं, परत उघडं!" नेव्हिलचा आवाज आनंदानं फुटत होता. "स्किप्टनपर्यंत असंच चाललं पाहिजे!"

मी दुसऱ्या लॉकच्या काठावर दबा धरून उभी राहिले. हेच शेवटचं. तो पुढचं टोक काठाला लावील, आणि ती दार लावायला लागली की तिची पाठ फिरेल. मला तेवढं पुरे. पावलं तर पाचच होती.

ती उतरली. माझा निळा रेनकोट, टोपी ओढून घेतलेली. बोट बाहेर पडली. दांड्यावर हात ठेवताना ती थबकली, लाकडावरून हातमोजा एकदा फिरवला.

"थँक्यू हं," ती हळूच म्हणाली. आवाज माझा होता.

मग तिनं दांड्याला पाठ लावली, तोंड बोटीकडे केलं, आणि दार पूर्ण लागेपर्यंत बोटीच्या पुढच्या टोकावरची नजर एकदाही हलवली नाही.