चार पेट्या आणि खव्याची जलेबी

विष्णूजींनी टेबलावर दोन पिशव्या ठेवल्या. सुमेधनं आधी खिडकी उघडली, मग दार, मग स्वतःचं नाक धरलं.

"पोस्टमनजी, यात मेलंय काय?"

"जलेबी आहे, भैया. खव्याची."

राइट टाउनमधल्या त्या एका खोलीत अवंती घारपुरे खासगी तपासाची कामं करायची. बहुतेक लग्नाची. मुलगा खरंच इंजिनियर आहे का, का नुसता इंजिनियरांसोबत चहा पितो, असली. सुमेध तिचा मावसभाऊ. स्कूटर चालवायचा, फायली लावायचा आणि समोर जेवढं दिसेल तेवढंच पाहायचा. त्याचं पोट भारी नाजूक होतं.

विष्णू डोंगरे सहा फुटांच्या वर, अंगानं काडी. खुर्चीत बसले तरी गुडघे टेबलाला लागत होते.

"एकतीस डिसेंबरला रिटायर होतो, मॅडम. तेहतीस वर्षांत एक तक्रार नाही. आज पाच वाजता विजय नगरच्या रेवाकुंजमधून पहिली जाऊन राहिली. चौकशी बसली तर पेन्शन लटकते. मग घरी काय सांगू?"

"केलंय काय तुम्ही?"

"तेच तर. काहीच नाही केलं."

रेवाकुंज म्हणजे चार बिऱ्हाडांची इमारत. जिन्याखाली लोखंडी टपालपेट्या चार. प्रत्येकीला कुलूप, वर बोटभर फट. आत टाकता येतं, बाहेर काढता येत नाही. काल सकाळी लोकांनी पेट्या बघितल्या तर चारही पेट्यांत जलेबी कोंबलेली. पाकात टपाल लिबलिबीत झालेलं, त्यावर मुंग्यांची रांग.

"अन् जलेबी तर एकट्या मलाच दिली होती," विष्णूजी म्हणाले. "दिवाळीची पोस्त म्हणून, पाडव्याला. म्हणून म्हणतात, पसंत नाही पडली तर विष्णूनं राग काढला."

"कोणी दिली?"

"बापूसाहेब पाथ्रीकरांनी. सगळ्यांच्या वतीनं एक डबा. दहा नग."

"चांगली होती?"

विष्णूजी चपलेकडे बघत राहिले. "मान ठेवला. दोन खाल्ल्या."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती, सुट्टी होती. ते बरं झालं."

अवंतीनं डबा उघडला. आठ काळपट जलेब्या, अंगावर पांढरी लव. मांजराच्या पिलाला असते तशी. सुमेध खिडकीकडे गेला. मग तिनं दुसरी पिशवी उघडली, पेट्यांतून खरवडलेली. तीच जलेबी, पण तिच्यावर निळे डाग.

"ही तर जास्तच सडली," सुमेध खिडकीतूनच म्हणाला. "निळी बुरशी आली."

"हे तुम्ही खरवडलं?"

"बापूसाहेबांनी लावलं ना. हातानं. भिजलेले कागद त्यांनी आधीच सगळ्यांच्या चाव्या मागून काढले अन् कचरागाडीत टाकले. कोणाला बघायचीही इच्छा नव्हती. बुडाशी चिकटलेलं मी काढलं. तीन पेट्यांतलं. चौथी मेघनादीदीची. ती नागपूरला गेलीय, चावी तिच्याकडे."

"परवा टपाल काय टाकलं होतं?"

"विजेची बिलं, बँकेचे कागद, अन् माझी कार्डं."

"तुमची?"

विष्णूजी जरा लाजले. "पोस्त मिळाली की मी घरोघरी पोस्टकार्ड लिहितो. वडिलांचं शाईचं पेन आहे. काय मिळालं ते लिहायचं, आभार मानायचे. रीतसर पोस्टाच्या लाल डब्यात टाकतो, शिक्का बसतो, मग मीच वाटतो."

"पेटी भरलेली असली तर?"

"दाराखालून सरकवतो. टपाल चुरगळायचं नाही."

"अन् मालक समोर भेटला तर?"

"मग हातात."

"अजून काही? विचित्र वाटलं असं?"

विष्णूजींनी डोकं खाजवलं. "दसऱ्याच्या आधी रेवाकुंजच्या मनीषाताईंनी जिन्यात टेप काढून माझं माप घेतलं. म्हणे यजमानांचा शर्ट शिवायचाय, तुमच्याच मापाचे आहेत. आता बाईमाणसाला काहून म्हणून विचारणार?"

*

रेवाकुंजच्या फाटकातच वास आला. सुमेधनं स्कूटर उभी केली आणि खिशातली लवंग तोंडात टाकली.

बापूसाहेब पाथ्रीकर दारातच होते. फॅक्टरीतून फोरमन म्हणून रिटायर झालेले, ठेंगणे, गोल, आणि भर दुपारी लोकरी कोट घातलेले. कोटाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. समोरच्या दोन बाजू पोटावर एकमेकींना भेटायचं नाव घेत नव्हत्या. कपाळावर घाम.

"थंडी वाजतेय, काका?" अवंतीनं विचारलं.

"सुरुवात झालीय. या वयात जपावं लागतं." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि तिथून एक अख्खं रजिस्टर, दोन पेनं आणि घडी न घातलेलं पत्रक काढलं. खिसा होता का पोतं, सुमेधला कळेना. "हे आधी वाचा, म्हणजे आम्ही कसे लोक आहोत ते कळेल."

पत्रकाचं नाव होतं 'पोस्टमनास दिवाळी देण्याचे शिष्टाचार'. एक, दारात उभं करून रोख देऊ नये, सरकारी माणूस लाचार दिसतो. दोन, एकानं दुसऱ्यापेक्षा जास्त देऊ नये, दुसरा कंजूष दिसतो. तीन, सर्वांचं मिळून अध्यक्षांनी द्यावं. चार, काय दिलं त्याचा पोस्टमनसमोर किंवा कोणापुढेही कधीही उच्चार करू नये, कारण दानाचा उच्चार केला की पुण्य जातं.

"अध्यक्ष कोण?"

"मीच. बाकी कोणाला वेळ नसतो."

"आणि यंदा काय दिलं?"

"नियम चार," बापूसाहेब म्हणाले आणि घाम पुसला.

वरच्या मजल्यावर मनीषाताई शिवणयंत्रावर ब्लाउज मारत होत्या. त्यांनी मान वर न करता सुरुवात केली.

"इतकं करून माणूस असं करतो, म्हणून किळस येते बघा. हजार रुपये दिले मी. वरून माझी मेहनत वेगळी."

"कसली मेहनत?"

"ते नाही सांगायचं. ठरलंय तसं." त्यांनी दातानं दोरा तोडला. "पेटी उघडली तर हातभर पाक. मला तर तिथेच मळमळलं. बापूसाहेब म्हणाले, ताई तुम्ही बघू नका, चावी द्या. देवमाणूस."

आतून त्यांचे यजमान पाणी घेऊन आले. जेमतेम पाच फूट, पोट पुढे. अवंतीनं पाणी घेतलं आणि त्यांच्या शर्टाच्या बाहीकडे बघत राहिली. सुमेधला ते जरा वाईट दिसलं.

समोरचा बंटी मोबाईलचं दुकान चालवायचा. त्याचा आवाज दार उघडायच्या आधीच सुरू झाला.

"दीदी, सीधी बात. त्यानं माझा पासपोर्ट परत पाठवला होता. घरी नव्हतो, तर परत. कामवाल्या मावशीकडे दिला असता तर काय झालं असतं? तरी मी हजार दिले. हजार! अन् वरून माझ्या पेटीत जलेबी."

"जलेबी तुम्ही बघितली?"

"कौन देखेगा? नाक बंद केलं, चावी काकांना दिली, सरळ घरात. दोन वेळा हात धुतले."

"पेटीत कार्ड होतं का?"

"क्या पता. चिखल होता."

जिन्यात येताच सुमेध कुजबुजला, "ताई, बंटीच. पासपोर्टचा राग."

"बंटीला राग आहे. पण स्वतःच्या पेटीत कोण कोंबेल?"

"संशय येऊ नये म्हणून."

"एवढी अक्कल असती तर तो पासपोर्टच्या वेळी घरी थांबला असता. चल, पेट्या बघू."

सुमेधला चलायचं नव्हतं, पण तो गेला. मनीषाताईंच्या पेटीचं बूड निळसर होतं. बंटीच्याही. बापूसाहेबांच्या पेटीत नुसता तपकिरी चिकटा. चौथी, मेघनाची, बंद होती. फटीतून महिनाभराचे कागद आणि कुठल्याशा दुकानाचं कॅलेंडर बाहेर डोकावत होतं, आणि त्या गठ्ठ्याच्या तोंडाशीच एक जलेबी थोपून बसवलेली, मुंग्यांसकट. ती काळी होती. निळं काही नाही.

अवंतीनं बोटानं बंटीच्या पेटीतला डाग पुसला आणि ते बोट सुमेधच्या नाकापुढे धरलं.

"वास घे."

"ताई, मी तुझं काय वाईट केलं?"

तिनं मेघनाला फोन लावला. मेघना म्हणाली, परतीच्याच वाटेवर आहे, गावाबाहेर तिलवाऱ्याच्या पुलावर गाड्या अडकल्यात, पावणेपाचपर्यंत पोचते.

*

पावणेपाचला सगळे मेघनाच्या बंद दारासमोर उभे होते. बापूसाहेबांच्या हातात तक्रारीचा कागद, तीन सह्यांसकट. विष्णूजी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, टोपी हातात. मेघना बॅग घेऊन वर आली तेव्हा तिला वाटलं, घरात चोरी झाली.

"चोरी झालीच आहे," अवंती म्हणाली. "पण दार उघडायच्या आधी थोडं ऐक. विष्णूजींना मिळालेल्या डब्यात दहा जलेब्या होत्या. दोन त्यांनी खाल्ल्या, आठ माझ्या कचेरीत आहेत. म्हणजे पेट्यांतली जलेबी त्यांच्या डब्यातली नाही."

"दुसरी विकत आणली असेल," बापूसाहेब म्हणाले.

"असेल. म्हणून मी बुरशी बघितली. डब्यातल्या जलेबीवर पांढरी बुरशी आहे. पेट्यांतल्या जलेबीवर निळी. एकाच दुकानाची, एकाच दिवसाची जलेबी, बुरशी मात्र दोन रंगांची. सुमेध म्हणाला, जास्त सडलीय. मी म्हटलं, ही बुरशीच नाही. ही शाई आहे. विष्णूजींच्या पोस्टकार्डांची."

सुमेधनं आपल्या नाकाला हात लावला.

"निळं फक्त दोन पेट्यांत आहे. मनीषाताई आणि बंटी. ज्यांच्या पेटीत कार्ड होतं, तिथे निळं. मग काका, तुमच्या पेटीत का नाही?"

"मला काय माहीत."

"विष्णूजी, काकांचं कार्ड कुठे टाकलं होतं?"

"टाकलं नाही, मॅडम. ते फाटकात उभे होते. हातात दिलं."

"म्हणजे चार घरांपैकी एकाच माणसानं ते कार्ड वाचलं होतं. वाचल्यावर त्याला कळलं की बाकीच्या तीन घरांतही तेच जाणार. पेट्यांना कुलपं. काढता येत नाही. पण टाकता येतं. पाणी टाकलं असतं तर लोकांनी कार्ड वाळवून वाचलं असतं. म्हणून घाण टाकली. घाण केली की माणूस नाक धरतो, चावी देतो, आणि बघत नाही. चावी कोणी मागितली? कागद कोणी फेकले?"

मनीषाताई बापूसाहेबांकडे बघू लागल्या.

"पण काहून?" बंटी म्हणाला. "कार्डात असं होतं काय?"

"मेघना, दार उघड. तुझी पेटी भरलेली होती."

दार उघडलं. उंबऱ्याच्या आत एक पिवळं पोस्टकार्ड पडलं होतं. मेघनानं उचललं आणि तिथेच उभ्यानं वाचलं.

"'सौ. मेघनादीदींस नमस्कार. आपण चारी घरांनी मिळून दिलेला खव्याच्या जलेबीचा एक डबा मिळाला. यंदा माझी शेवटची दिवाळी, तरी आठवण ठेवलीत. आभारी आहे. आपला, विष्णू डोंगरे, पोस्टमन.'"

मग मनीषाताई हळू आवाजात म्हणाल्या, "एक डबा जलेबी?"

"नियम चार मोडा आता, ताई," अवंती म्हणाली. "हजार रुपये कशाला दिले होते?"

"कोट. लोकरी कोट शिवायचा होता त्यांना. सकाळी सायकलवर कुडकुडतात म्हणून. यजमानांचं नाव सांगून मीच माप घेतलं. बाह्या सव्वीस इंच. आत टपालाचा गठ्ठा मावेल एवढा खिसा ठेवा म्हणून चिठ्ठीत लिहून दिलं. बापूसाहेब म्हणाले, शिंप्याकडे मी जातो, देतोही मीच."

सगळ्यांच्या नजरा एकदमच त्या दोनदा दुमडलेल्या बाह्यांवर गेल्या. बापूसाहेबांनी हात मागे घेतले. खिशातून रजिस्टरचा कोपरा मात्र वर आलेलाच होता.

"कापड फार चांगलं लागलं होतं," ते शेवटी म्हणाले. "मी म्हटलं, दोन महिन्यांत रिटायर होणार माणूस. सायकलवर काय करायचंय त्याला असल्या कापडाचं. घरात साडूकडची जलेबी पडून होती, दोन किलो. तशीही कोणी खात नव्हतं."

"म्हणून मला दिली," विष्णूजी म्हणाले. विचारल्यासारखं नाही.

बंटीनं बापूसाहेबांच्या खांद्यावरून कोट उतरवला. "चलो विष्णूजी, घाला."

विष्णूजींनी हात घातले. दुमडलेल्या बाह्या उलगडल्या आणि बरोबर मनगटाशी येऊन थांबल्या. बटणं लागली. खांदे बसले. तेहतीस वर्षांत त्यांना कधी कशाचं माप बरोबर आलं नव्हतं, खात्याच्या वर्दीचंही नाही. मनीषाताईंनी डोळ्यांना पदर लावला.

विष्णूजींनी कॉलर नाकाजवळ नेली. चेहरा बदलला. एकेक बटण काढून त्यांनी कोटाची नीट घडी घातली आणि तो बापूसाहेबांच्या हातावर ठेवला.

"तुम्हीच वापरा, साहेब. जलेबीचा मी मान ठेवला होता. याला तुमच्या घामाचा वास येऊन राहिला. हे नाही जमायचं."

तक्रारीचा कागद मनीषाताईंनी बापूसाहेबांच्या हातातून काढून घेतला. खाली जाऊन त्यांनी त्याच कागदानं मेघनाच्या पेटीच्या तोंडातली जलेबी निपटून काढली, मुंग्यांसकट. तिन्ही सह्या पाकात गेल्या.

परतताना सुमेधनं स्कूटरला किक मारली.

"ताई, आपली फी?"

"कार्ड येईल."

आलं. रेवाकुंजमध्येही चारही पेट्यांत त्याच दिवशी पडलं, शिक्का मारून, निळ्या शाईत. 'आपण दिलेला लोकरी कोट एक मिनिट मिळाला. माप अगदी बरोबर होतं. आभारी आहे.'

तीन घरांनी ते जपून ठेवलं. बापूसाहेबांची पेटी अजून कोणी उघडलेली नाही.