निळ्या पानावरचा पत्ता

नव्या ॲटलासची आवृत्ती निघाली की मौ देइचुन मास्तर ती पहिल्याच आठवड्यात विकत घेत, आणि जुनी त्याच दिवशी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवत. चुकीचा नकाशा बाळगण्यापेक्षा नकाशा नसलेला बरा, असं त्यांचं ठाम मत होतं. भूगोल शिकवण्यात हयात गेलेली. ज्या देशात सुट्टीला गावी गेलेला माणूस परत येईपर्यंत स्टेशनच दुसरीकडे हललेलं असतं, तिथे आठवणीवर विसंबणं त्यांना शुद्ध गाढवपणा वाटे. ॲटलासात आहे ते आहे. नाही ते नाही.

बायको गेल्यापासून घरात ते आणि त्यांची सात वर्षांची नात निआननिआन, एवढीच माणसं. मुलगी यानली दूर दक्षिणेत कारखान्यात होती. ती सारखी शहर बदले, आणि मास्तर दर वेळी नातीला मांडीवर घेऊन ॲटलास उघडत. आई इथून इथे गेली, ही नवी रेल्वे, हा नवा पूल. वाट काढायची त्यांची एक शिस्त होती. आधी आपण राहतो तिथे पेन्सिलीने छोटं घर काढायचं. मग जायची रेघ, तिला बाण. मग परतीची रेघ, तिलाही बाण.

"घर आधी का काढायचं?" निआननिआनने एकदा विचारलं होतं.

"नाहीतर परत कुठे यायचं ते कसं कळणार? घर चुकलं की सगळा नकाशा चुकला."

त्यांचं स्वतःचं गाव यांगत्से नदीच्या पाण्याखाली होतं. धरण झालं तेव्हा सगळं शहर उचलून डोंगरावर नेलं, आणि मास्तरांच्या वाट्याला सहाव्या इमारतीचा सतरावा मजला आला. आईची कबर मात्र वर आली नाही. हाडं हलवायला माणसं पोचण्याआधीच कबरीचा उतार दरड होऊन नदीत गेला होता. मास्तर त्याबद्दल कधी बोलत नसत. सातव्या महिन्यात, पितरांच्या दिवसांत, तेवढी आईसाठी जाळायच्या कागदी नोटांची पाकिटं बांधत. त्यांच्याकडे या पाकिटांवर रीतसर लिहावं लागतं: घेणाऱ्याचं नाव, पत्ता, पाठवणाऱ्याचं नाव. पत्ता चुकला तर पाकीट भलत्याच्या हाती पडतं, असं सगळेच मानतात. मास्तर दर वर्षी ब्रशने लिहीत: घाटपायरी गल्ली, मोठ्या वडाखाली.

यंदा नात शेजारी नवा ॲटलास पसरून बसली होती.

"आजोबा, ही गल्ली कुठाय?"

त्यांनी बोट ठेवलं. बोटाखाली नुसता निळा रंग होता.

"इथे तर पाणी आहे," ती म्हणाली.

मास्तरांचा ब्रश थांबला. इतकी वर्षं आपण नकाशात नसलेल्या जागी पाकिटं पाठवत होतो, हे त्यांच्या मनाला चांगलंच लागलं. भूगोलाच्या मास्तराने करावी अशी ही चूक नव्हती. त्यांनी तो कागद बाजूला सारला आणि नव्यावर स्वच्छ अक्षरांत स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला, इमारतीच्या आणि मजल्याच्या आकड्यासकट.

इमारतीखाली पालिकेने ठेवलेल्या लोखंडी पिंपात संध्याकाळी सगळेच पाकिटं जाळत होते. जुन्या गल्लीतले शेजारी शियांग म्हातारे पत्ता वाचून हसायलाच लागले.

"मास्तर, तुमची आई जन्मात लिफ्टमध्ये बसली नाही. तिला सतराव्या मजल्यावर बोलावताय?"

"पैसे बरोबर जागी जायला नकोत?"

"पैसे जातील हो," शियांग म्हणाले आणि मग हसले नाहीत. "पण पैसे जातात तिथे माणूसही जातो."

दुसऱ्या दिवशी मास्तर भाजी घेऊन आले तेव्हा लिफ्टची फरशी ओली होती. ओलीत पिवळा चिखल होता. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की काठाला जो उघडा पट्टा पडतो, तिथलाच. कुणीतरी गळ टाकायला गेला असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. त्याच्या पुढच्या दिवशी मजल्यावरच्या बोळात वाळल्या संत्र्याच्या सालीचा वास होता. त्यांची आई खोकल्यावर दिवसभर साल चघळायची. मास्तरांनी शेजाऱ्यांच्या दारांशी जाऊन वास घेतला. कुणाच्याच घरातून तो येत नव्हता.

मग ॲटलास. त्या पानावरचा निळा रंग वर सरकला होता. दमट हवा, हलकी शाई, असं म्हणून त्यांनी पट्टी आणि भिंग काढलं. शाई पसरते तेव्हा कशीही पसरते. ही नीट उंचीच्या रेषा धरून चढली होती, खरं पाणी चढतं तशी. त्यांनी खिडकीतून पाहिलं. खाली नदी होती तिथेच होती.

रोज सकाळी निळा रंग एक रेष वर येई. मास्तरांनी ते पान उघडणं सोडून दिलं, आणि दुपारपर्यंत पुन्हा उघडलं.

"बाहेर एक आजी असते," निआननिआन जेवताना म्हणाली. शेवयांवर मोहरीच्या गड्ड्यांचं लोणचं घेत होती. "ती आत येत नाही. कुणी बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणते."

मास्तरांनी विचारलं, "काय हवंय तिला?"

"घाटाच्या पायऱ्या कुठे गेल्या, विचारते. वड कुठे गेला. सारखी इकडून तिकडे फिरते बिचारी."

ते उठून दाराशी गेले. बोळ रिकामा होता. फरशीवर ओल्या खुणा जिन्यापर्यंत जात होत्या, परत येत होत्या, पुन्हा जात होत्या. आई आत ये, एवढंच म्हणायचं होतं. आई गेल्यापासून तीस वर्षं ते म्हणावंसं वाटत होतं. त्यांच्या तोंडून ते निघालं नाही. ते घाबरले होते, आणि स्वतःच्या आईला घाबरलो याची त्यांना लाज वाटली.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर निआननिआन घरी आली नाही. मास्तर जिन्यावरून धावत सुटले. ती खालच्या एका मजल्यावर उभी होती, हात लांब करून कुणाला तरी रस्ता दाखवत होती. तिच्या वेणीतून पाणी ठिबकत होतं. बाहेर लख्ख ऊन होतं.

त्याच दिवशी त्यांनी ठरवलं. आईचं काय व्हायचं ते होवो, पोर जाता कामा नये.

जुना पत्ता या वेळी आकड्यासकट लिहायला बसले तर गल्लीतला घराचा आकडा आठवेना, आणि बघायला एकही जुना नकाशा घरात नव्हता. शेवटी शियांगकडे गेले. म्हाताऱ्यांनी काही न विचारता आकडा सांगितला. दारातून मात्र म्हणाले, "मास्तर, ती आली कशी ते तिला माहीत नाही. परत जाईल कशी?"

पंधराव्या तिथीच्या संध्याकाळी, पाकिटं जाळायच्या शेवटच्या दिवशी, ते नातीला घेऊन पिंपाशी उभे राहिले. पाकीट बराच वेळ पेटेना. त्यातून आधी वाफ निघाली. मग एकदम जळलं.

निआननिआन जाळाकडे पाहत नव्हती. ती बाजूला, थोडं वर, म्हाताऱ्या बाईचा चेहरा असेल तितक्या उंचीवर पाहत होती.

"तिला कळलं का गं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"कळलं. पण तिला वाट सापडत नाही. सगळंच बदललंय म्हणते." ती मान डोलावत राहिली. "मी दाखवून येऊ? मला नकाशा येतो."

"नाही."

"लगेच येईन."

"नाही म्हटलं ना!"

तिचा हात घट्ट धरून ते वर आले. दाराला आतून कुलूप लावलं. किल्ली उशीखाली घेतली आणि तिच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसले.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. ते बसल्या जागीच झोपले होते.

पलंगावर निआननिआन होती.

त्यांनी तिच्या छातीवर हात ठेवला. श्वास चालू होता. त्यांना रडू आलं, आणि ते रडले.

बोळात वास नव्हता. फरशी कोरडी होती. कुलूप तसंच होतं.

टेबलावर ॲटलास उघडा होता. निळा रंग उतरून जुन्या जागी गेला होता. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चष्मा लावला.

पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या, सहाव्या इमारतीपासून उतरत थेट पाण्यात गेलेल्या. एकीवर ‘जायची’, दुसरीवर ‘परतीची’ असं लिहिलेलं. बाणही नीट काढले होते, त्यांनी शिकवले होते तसे.

जायच्या रेघेचा बाण इमारतीकडे होता. परतीचा पाण्याकडे.

छोटं घर इमारतीपाशी नव्हतं, खाली निळ्या पाण्यात काढलेलं होतं.

मागे पावलं वाजली. निआननिआन बूट हातात घेऊन उभी होती. केस नीट विंचरलेले, आणि परक्या घरी मुलं उभी राहतात तशी थोडी अवघडलेली.

"आजोबा, खूप मजा आली," ती म्हणाली. "आता मी घरी जाऊ?"